वर मुरूम, खाली काळी: तांबडी माती काळी व्हायला किती वर्षं लागतात?

एका भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना तीन एकर वावर घेतलं आहे. वरचा अर्धा भाग तांबूस, मुरमाड. नाल्याकडचा खालचा अर्धा काळाभोर. शेजारी म्हणतात, "दरसाल शेणखत टाका, पाच वर्षांत वरची पण काळी होते." ट्रॅक्टरवाला म्हणतो, "तलावाचा गाळ आणून अर्धा फूट थर देऊ, ट्रॉलीला आठशे रुपये." लावायचा आहे संत्रा. तर तांबडी माती काळी होते का, किती वर्षांत, आणि दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

मी अठ्ठावीस वर्षं माती सर्वेक्षणाचं काम केलं. म्हणजे नकाशा घेऊन लोकांच्या वावरात जायचं, पुरुषभर खड्डा खणायचा, आत उतरायचं आणि चाकूने भिंत टोकरत बसायचं. त्यामुळे पहिलं उत्तर पटकन देऊन टाकते. शेणखताने तांबडी माती काळी होत नाही. पाच वर्षांत नाही आणि पन्नास वर्षांतही नाही. शेजाऱ्यांचा सल्ला चांगला, त्यामागचं कारण चुकीचं. ट्रॅक्टरवाल्याचं उलट आहे: गाळ आणण्यामागचा विचार बरोबर, पण अर्ध्या फुटाचा थर म्हणजे पैसे नाल्यात.

भाऊ, तुम्हाला खरं तर रंगाशी काही घेणंदेणं नाही. खालचा तुकडा पाणी धरतो, खत धरतो, पोळ्यानंतर पाऊस रुसला तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तग धरते. वरच्यात आठ दिवस उघडीप झाली की पानं माना टाकतात. हे वरच्याला कधी जमेल का, हा तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला ही दोन प्रकारची माती एकाच वावरात आली कशी, तिथपासून सुरुवात करावी लागेल.

तुमच्याकडे वर आणि खाली दगड बहुधा एकच आहे: बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरत गेला, त्याची पूर्वेकडची कड आपल्या नागपूरपाशी येते. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. गिट्टीखदानचं तर नावच सांगतं. शहराचा पश्चिम भाग या दगडावर आणि पूर्व भाग त्याहून कितीतरी जुन्या, चमकदार कणांच्या नाईस खडकावर. म्हणून अमरावती रोडने निघालात की कापूस, तूर, संत्रा दिसतो आणि भंडारा रोडने तेवढंच अंतर गेलात की धानाच्या बांध्या सुरू होतात. लोक म्हणतात तिकडे पाऊस जास्त. थोडा जास्त आहेच, पण खालचा दगडही बदललेला असतो.

दगड एक म्हणून माती एक, असंही नाही. हाच बेसॉल्ट महाबळेश्वरला आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तो दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकासुद्धा धुऊन नेतो. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. तो झाला जांभा, लाल आणि निकस. नागपूरला पाऊस हजार-अकराशे मिलीमीटर, तोही चार महिन्यांत, मग आठ महिने कोरडे. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, दगडाची खनिजं हळूहळू विरघळवतं, पण विरघळलेला सगळा माल वाहून नेण्याइतकं ते पुरत नाही. तो माल तिथेच राहून त्यापासून नवीन, अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्या खनिजाचं नाव स्मेक्टाईट. पत्त्यांच्या कॅटासारखे त्याचे पातळ थर असतात आणि दोन पत्त्यांच्या मध्ये पाणी शिरतं. काळ्या मातीचे सगळे गुण आणि सगळ्या खोड्या या एका गोष्टीतून येतात.

हान्स जेनी नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली माती घडण्याची पाच कारणं एका सूत्रात बसवली: हवामान, जीवसृष्टी, उतार, मूळ खडक आणि काळ. आमच्या धंद्यात ही पाच बोटं. वावरात गेलं की एकेक बोट मिटत जायचं. तुमच्याकडे वर आणि खाली पाऊस तोच, दगड तोच, वर्षंही साधारण तेवढीच, पीकपाणी, गुरं, नांगर तेच. चार बोटं मिटली. उरला उतार. म्हणून मी म्हणते, तुमच्या वावरात दोन वेगवेगळ्या माती नाहीत. एकच माती उतारावर दोन तऱ्हांनी वागली आहे.

वरच्या भागात पाणी थांबत नाही. दगड कुजतो, मुरूम होतो, मुरमातून बारीक कण सुटतात आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर खाली निघतात. राहतो तो भरड भाग. पाण्याचा निचरा चांगला, हवा खेळती, म्हणून लोह गंजतं आणि रंग तांबूस. खालच्या भागात वरून आलेले बारीक कण साचतात, वरून विरघळून आलेलं कॅल्शियम साचतं, पाणी रेंगाळतं, आणि स्मेक्टाईटला हेच सगळं मानवतं. नाल्याकाठच्या चार-पाच फूट काळ्या मातीतला बराचसा भाग तिथल्या दगडापासून झालेलाच नसतो. तो वरच्यांच्या वावरातून हजारो वर्षांत आलेला असतो. मालगुजारीच्या काळच्या बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या, कागदांत आपल्याकडच्या जमिनींची नावं सापडतात: बरडी, खरडी, मोरंड, काळी. ही नावं याच क्रमाने म्हणा आणि टेकडीवरून नाल्याकडे चालत या. पायाखाली तोच क्रम लागतो. शास्त्रज्ञांना कळायच्या आधी पटवाऱ्याला कळलं होतं, कारण त्याला सारा वसूल करायचा होता.

आता काळ्या रंगाचा गैरसमज. काळी म्हणजे शेणाने, पाल्याने काळी झालेली, असं जवळजवळ सगळेच मानतात. प्रयोगशाळेत पाठवा: आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघतो, एक टक्का निघाला तर आनंद. टेकडीवरच्या जंगलातल्या तांबूस मातीत मला याच्या दुप्पट कर्ब मिळालेला आहे. काळ्या मातीतला ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय अंश, थोडाच असतो, पण तो चिकणमातीच्या कणांना लेपासारखा घट्ट चिकटून बसतो, आणि चमचाभर काजळीने बादलीभर पाणी काळं व्हावं तसा रंग देतो. तो लेप बसायला आधी चिकणमातीचे कण हवेत. मुरमात ते नाहीत. शेणखत कण तयार करत नाही.

हे कण तयार व्हायला किती काळ लागतो? इथे मला एक आकडा विचारू नका. दगड किती भेगाळलेला, पाऊस किती, वर झाडोरा किती, यावर सगळं आहे. अंदाज सांगायचा तर कठीण खडकापासून दोन-तीन सेंटीमीटर माती व्हायला शेकडो ते हजार वर्षं. शिवाय आपल्या खोऱ्यांतल्या मातीतलं इतकं स्मेक्टाईट आजच्या कोरड्या हवेत तयार झालेलं दिसत नाही. ते आधीच्या, जास्त ओलसर काळातलं आहे आणि नंतर वाहून येऊन इथे बसलं आहे. म्हणजे खालचा तुकडा ज्या हवामानात घडला, ते हवामानही आता उरलेलं नाही. वरचा तुकडा नुसता वाट पाहून खालच्यासारखा होणार नाही, याचं हे दुसरं कारण.

पण माती बदलतच नाही असं समजू नका. एकाच वावरात चार-पाच घड्याळं चालू असतात, प्रत्येकाची गती वेगळी. कुठलं घड्याळ आपल्या हातात आहे हे ओळखणं, एवढंच या धंद्यात शिकायचं असतं.

सगळ्यात वेगवान घड्याळ हंगामाचं. एप्रिल-मे मध्ये खालच्या तुकड्यात जाऊन पाहा. तळहात उभा जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतील, कमरेएवढ्या खोल. वरचा भुगा, ढेकळं, पालापाचोळा त्यात पडतो. मृगाचा पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात, पण आत पडलेल्या भुग्यामुळे जागा कमी पडते आणि खालची माती वर दाबली जाते. माती स्वतःला नांगरते असं म्हणा. काही वर्षांपूर्वी कळमेश्वरकडे एका काळ्या जमिनीत खड्डा खणत होतो. अडीच फुटांवर कुदळ लावणाऱ्या दादाने हात वर केला: "बाई, हे पाहा काय निंघालं." खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी! चारही बाजूंनी घट्ट माती, कुठे खणल्याची खूण नाही. भेगेत पडली आणि वरून माती मिटली. आमच्यातला एक नवखा मुलगा गंभीरपणे वहीत लिहायला लागला, "दोन फूट सहा इंचांवर मानवी वस्तीचा पुरावा." त्याच भिंतीवर चाकूने ढेकूळ सोडवलं की आरशासारखे गुळगुळीत, तिरपे, रेघोट्या ओढलेले पृष्ठभाग दिसत होते. ओल्या मातीचे गठ्ठे एकमेकांवर घासून सरकतात त्याच्या त्या खुणा. याच हालचालीने घराच्या भिंतींना तडे जातात आणि पावसाळ्यात दारं अडकतात, म्हणून जाणता मिस्त्री पायाखालची काळी माती काढून मुरूम भरतो. म्हणजे पहा, शेतीत ज्याला नावं ठेवतो तो मुरूम घराला हवा, आणि शेताला हवी ती माती घराला नको.

दुसरं घड्याळ सेंद्रिय कर्बाचं, दहा-वीस वर्षांचं. शेणखताचा हिशोब इथे करू. एका एकरातली वरची अर्धा फूट माती साधारण साडेआठशे टन भरते. कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.६ वर न्यायचा म्हणजे पावणेदोन टन कर्ब मातीत टिकून राहायला हवा. एकरी पाच टन शेणखत टाकलंत, तर त्यात निम्मं पाणी. उरलेल्यात कर्ब तिसरा हिस्सा, म्हणजे पाऊण टनाच्या थोडा वर. त्यातला बहुतेक भाग आपल्या उन्हाळ्यात पहिल्या दोन वर्षांतच जीवाणू खाऊन हवेत सोडतात. शंभर किलोच्या आसपास मागे राहिला तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे पंधरा-सतरा वर्षं न चुकता टाकलं तर फरक. धसकटं न जाळता, बोरू-ढेंचा हिरवळीचं खत म्हणून गाडून, वखराच्या पाळ्या कमी करून हा काळ आणखी थोडा कमी करता येतो. आणि कर्ब वाढला की मुरमाड मातीला रंग नाही आला तरी पाणी जास्त धरता येतं, पावसाच्या थेंबाने ती लगेच फुटत नाही. शेजाऱ्यांचा सल्ला यासाठी ऐका.

तिसरं घड्याळ क्षारांचं. ते बिघडायला पाच-दहा वर्षं पुरतात, दुरुस्त व्हायला त्याहून जास्त लागतात. बोअरच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असेल आणि तेच पाणी दरसाल काळ्या मातीला दिलं, तर कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कण एकमेकांना धरेनासे होतात, माती चोपण होते. वरून कडक पापुद्रा, आत चिखल. तुम्ही बोअर मारणार असाल तर पाण्याचा नमुना आधी तपासा, मग ठिबकचं बोला. पैसे वाचवायला हे टाळणारे पुढे जिप्समच्या पोत्यांवर खर्च करतात.

चौथं घड्याळ आहे झिजेचं. तुमच्या वरच्या तुकड्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्याच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

एका धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब माझ्या चांगला लक्षात आहे. त्याची मुळं बोटांसारखी जमिनीवर उघडी पडली होती, मधून पोरं घसरगुंडी खेळायची. मालक म्हणाले, "आमच्या बापाच्या लग्नाच्या साली लावला हा." म्हणजे पस्तीसेक वर्षं. पहिल्या आडव्या मुळाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मी टेप लावला. मूळ जाड होतं तेवढं वजा करून सुमारे चौदा सेंटीमीटर भरलं. वर्षाला चार मिलीमीटर. मालक हसले, "चार मिलीमीटर म्हणजे काय बाई, बाजरीच्या दोन दाण्यांएवढं!" मग मी त्यांच्याच भाषेत मोजून दाखवलं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरची एक मिलीमीटर माती म्हणजे दीड ब्रासला थोडी कमी (ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण एक ट्रॉली). चार मिलीमीटर म्हणजे पावणेसहा ब्रास. दर पावसाळ्यात एकरी पाच-सहा ट्रॉल्या माती ते फुकट नाल्याला देत होते. ते हसायचे थांबले. एका झाडावरून अख्ख्या वावराचा दर काढता येत नाही हे मी त्यांनाही सांगितलं, उतार प्रत्येक जागी वेगळा. पण दगडापासून माती होण्याची गती वर सांगितली आहे, ती शेजारी ठेवून पाहा.

म्हणून तुमचा वरचा तुकडा स्थिर उभा नाही. तो दरवर्षी आणखी मुरमाड होतो आहे. त्यात उभ्या उताराने तिफण चालवली असेल तर प्रत्येक तास म्हणजे पाण्याला केलेली नाली. धुरे फुटले असतील तर ते आधी बांधा. पेरणी आणि डवरणी उताराला आडवी. धुऱ्यावर गवत राहू द्या, ते जाळून 'साफ' करायची हौस नको. यात गाळापेक्षा कितीतरी कमी पैसे लागतात, पण दिसायला काहीच दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

आता गाळ. माती तयार करता येत नाही, पण हलवता येते. तुमच्या खालच्या तुकड्याला पावसाने तेच तर करून दिलं. तलावातला गाळ म्हणजे हजारो वर्षांत कुठेतरी तयार झालेली चिकणमाती, कोणाच्या तरी वावरातून वाहून आलेली. ती मुरमात मिसळली तर ज्या कणांची उणीव आहे तेच कण मिळतात. सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ साली याच विचारावर सुरू झाली. आपल्या तालुक्यात यंदा कुठला तलाव उपसायला आहे, याची चौकशी तालुक्याला करा. कदाचित आठशेच्या खूप आतच भागेल.

अर्ध्या फुटाला मी नाही का म्हणते, ते माझ्याच चुकीतून. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्याला मी उत्साहाने सांगितलं, मुरमावर फूटभर गाळ टाका आणि संत्रा लावा. त्याने टाकला, नुसता पसरला, मुरमात मिसळला नाही. मीही 'मिसळा' असं सांगितलं नव्हतं. बारीक छिद्रांची माती वर आणि भरड मुरूम खाली असेल तर पाणी सरळ खाली उतरत नाही. बारीक छिद्रं पाणी ओढून धरतात. वरचा थर पुरता चिंब होईपर्यंत ते मुरमात शिरतच नाही. जुलैच्या झडीत त्याच्या रोपांची मुळं दिवसेंदिवस पाण्यात राहिली. शिवाय उतार होता, तर तो चिंब थर जागोजागी घसरला. तिसऱ्या वर्षी बुंध्यांना डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, लागला. मी पाहायला गेले तेव्हा तो माणूस मला काही बोलला नाही, चहा दिला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझा नियम: एका वेळी दोन इंचांपेक्षा जास्त गाळ नाही, आणि तो वरच्या पाच-सहा इंचांत मिसळल्याशिवाय सोडायचा नाही. तुमच्या दीड एकरावर दोन इंच म्हणजे ११० ब्रास, आठशेच्या दराने अठ्ठ्याऐंशी हजार. अर्धा फूट म्हणजे ३२७ ब्रास, अडीच लाखांच्या वर. दोन इंच या उन्हाळ्यात टाका, पहिल्या पावसानंतर वाफसा आला की नांगर-वखराने मिसळा, एक पीक घ्या, मग पुढच्याचं ठरवा. हे सगळं धुरे बांधल्यानंतर. आधी धुरे नाहीत तर गाळ ज्या तलावातून आला तिकडेच परत निघेल.

गाळ पाहून घ्या. पाणी तलावात शिरतं त्या तोंडाकडचा गाळ रेताड असतो, पाळीजवळचा, म्हणजे तलावाच्या बांधाजवळचा, बारीक. ट्रॅक्टरवाल्याला तोंडाकडचा भरायला सोपा जातो. ओंजळभर घ्या, पाणी लावून मळा, अंगठा आणि बोटात दाबून पट्टी काढा. दोन इंच लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकणमाती भरपूर. इंचाच्या आतच तुटली तर ट्रॉली परत पाठवा. मग वाळलेलं बोराएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यात बॅटरीत टाकायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात हळूच ठेवा आणि हलवू नका. नुसतं विरघळून खाली बसलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला तर त्यात सोडियम आहे, तो गाळ फुकट दिला तरी नको.

संत्रा कुठे लावायचा, हे मात्र मी इथे बसून ठरवू शकत नाही. माती किती खोल, मुरूम कुठे सुरू होतो, चुनखडी किती, पाणी किती दिवस थांबतं, हे पाहिल्याशिवाय कोणी ठाम सांगत असेल तर त्याला रोपं विकायची आहेत असं समजा. माझा कल मात्र सांगते. संत्र्याला पाणी लागतं, पण मुळाशी थांबलेलं नको. सगळ्यात वरचा उथळ भाग त्याला पुरत नाही, आणि नाल्याजवळची सगळ्यात खोल, जड काळी त्याला गुदमरवते. बरेच जण मात्र सगळ्यात काळी म्हणून तीच निवडतात. मधला पट्टा, जिथे तीन-चार फूट माती आणि त्याखाली पाणी पिणारा मुरूम आहे, ती जुन्या लोकांची मोरंड, ती माझ्या मते तुमची संत्र्याची जागा. खाली कापूस-तूर, हिवाळ्यात हरभरा. अगदी वर सीताफळ किंवा नुसतं गवत आणि चार झाडं. तिथून उत्पन्न कमी येईल, पण खालच्या दोन्ही पट्ट्यांचं रक्षण होईल.

हे तपासायला तीन खड्डे खणा: एक वर, एक मध्ये, एक नाल्यापासून वीस-पंचवीस पावलं अलीकडे. उन्हाळ्यात, चार-पाच फूट खोल किंवा दगड लागेपर्यंत, एका बाजूला उतरायला पायऱ्या ठेवून. काळ्या मातीची भिंत ढासळते, म्हणून एकट्याने उतरू नका. सूर्य ज्या भिंतीवर पडतो ती चाकूने खरवडून ताजी करा आणि बाजूला टेप टांगा. मुळं कुठपर्यंत गेली, ढेकळं कशी सुटतात, रंग कुठे बदलतो ते लिहा. वरच्या खड्ड्यात कुजलेला दगड बघण्यासारखा असेल: कांद्यासारखे गोल पापुद्रे, बाहेरचे बोटाने चुरडतात, आतला गाभा अजून हातोड्याला दाद देत नाही. दगडाची माती होताना अशीच पकडता येते.

खालच्या आणि मधल्या खड्ड्यात पांढरे खडे शोधा, हरभऱ्यापासून लिंबाएवढे. ती चुनखडी. विरघळलेलं कॅल्शियम कोरड्या महिन्यांत परत खड्यांच्या रूपात बसतं. संडास धुवायचं ॲसिड घ्या, काचेच्या भांड्यात आधी पाणी आणि त्यात थोडं ॲसिड असं पातळ करा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक वितीवर एकेक थेंब टाका. नुसत्या खड्यांवर फसफसलं तर फारसं बिघडत नाही. पण खडे नसलेली बारीक मातीही वरच्या दोन फुटांत जोरात फसफसत असेल, तर संत्र्याला लोह मिळणार नाही, कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतील. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असलेल्या जागी संत्रा लावू नये असं साधारण सांगितलं जातं. फसफस पाहून शंका आली तर तो आकडा प्रयोगशाळेतून काढा. अमरावती रोडवरच राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे, आणि लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्थाही त्याच रस्त्याला. एवढं घराजवळ असून लोक पुण्याला नमुने पाठवतात, मला कधी कळलं नाही.

सगळं एकत्र म्हणाल तर क्रम असा: आधी तीन खड्डे आणि पाण्याचा नमुना, मग धुरे, मग दोन इंच गाळ मिसळून, शेणखत आणि हिरवळीचं खत दरसाल, आणि संत्र्याची रोपं पुढच्या पावसाळ्यात. यंदाच लावायची घाई असेल तर मधल्या पट्ट्यात वीस-पंचवीस लावून पाहा.

खड्ड्यांचे फोटो टेपसकट टाका, सकाळच्या उन्हातले. दुपारच्या उन्हात रंग फसवतो. आणि खड्डा बुजवताना वरची माती आणि खालचा मुरूम वेगवेगळ्या ढिगाऱ्यांत ठेवलेले असू द्या, मुरूम आधी आत जाऊ द्या. जेसीबीवाले उलटं करतात, आणि मग त्या जागी पुढची कित्येक वर्षं पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नाही.